पॅच कुणी लिहायचा, कुणी लावायचा

२०१४ सालच्या एप्रिलमध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत दोन गोष्टी घडल्या. सोमवारी, ७ तारखेला, ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ नावाची त्रुटी जगजाहीर झाली. मंगळवारी, ८ तारखेला, मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीसाठीचे शेवटचे नियमित सुरक्षा पॅच, म्हणजे चुकांच्या दुरुस्त्या, दिले आणि साडेबारा वर्षं जगभरच्या कचेऱ्यांत, बँकांत आणि सायबर कॅफेंत राबलेल्या त्या प्रणालीची जबाबदारी सोडून दिली.

पहिलं सॉफ्टवेअर ओपन सोर्स. त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, दुरुस्त करावा. दुसरं एका कंपनीच्या मालकीचं. त्याचा कोड कंपनीच्या कुलपात, आणि आपल्या हातात फक्त चालणारा प्रोग्राम. या दोहोंत सुरक्षित कोणतं, हा वाद संगणकाच्या क्षेत्रात तीसेक वर्षं चालू आहे. उघड्या कोडवर हजार डोळे असतात, म्हणून चुका टिकत नाहीत, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, चोरालाही तोच कोड दिसतो, शिवाय कंपनीकडे पगारी माणसं असतात. मला स्वतःला हा वाद फारसा पुढे नेणारा वाटत नाही. चुका दोन्हीकडे होतात आणि दोन्हीकडे वर्षानुवर्षं लपून राहतात. २०१४च्या सप्टेंबरमध्ये लिनक्समधल्या बॅश या रोजच्या वापराच्या साधनात ‘शेलशॉक’ नावाची त्रुटी सापडली. ती १९८९पासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. दोनच महिन्यांनी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक त्रुटी बुजवली. ती विंडोज ९५पासून चालत आली होती. डोळे उघडे असोत की कपाट बंद असो, चूक पंचवीस वर्षं सुखाने राहू शकते.

म्हणून मला महत्त्वाचं वाटतं ते चूक सापडल्यानंतरचं. दुरुस्ती कोण लिहितो, ती लिहिण्याचा हक्क कुणाला आहे, ती लिहिलीच पाहिजे असं बंधन कुणावर आहे, आणि लिहिलेली दुरुस्ती शेवटच्या मशीनपर्यंत पोचते की नाही. एप्रिल २०१४चे ते दोन दिवस या दृष्टीने पाहिले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

हार्टब्लीडची चूक जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ती समजायला प्रोग्रामर असावं लागत नाही. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवण्याचं काम ओपनएसएसएल करतं. जोडणी जिवंत आहे का हे तपासायला एक बाजू दुसऱ्या बाजूला छोटासा निरोप पाठवते आणि ‘हाच मजकूर मला परत पाठव’ असं सांगते. या निरोपात पहिला एक बाइट प्रकाराचा, पुढचे दोन बाइट मजकुराची लांबी सांगणारे, मग प्रत्यक्ष मजकूर, आणि शेवटी किमान सोळा बाइटची भर. चूक अशी, की मजकूर सांगितलेल्या लांबीइतका खरोखर आहे का, हे सर्व्हर तपासत नव्हता. एकच बाइट पाठवायचा आणि लांबी ६५,५३५ सांगायची. सर्व्हर बिचारा तो एक बाइट घेई आणि उरलेला मजकूर स्वतःच्या मेमरीतून, त्या एका बाइटच्या शेजारी जे काही पडलं असेल त्यातून, भरून पाठवी. त्यात कुणाचा पासवर्ड असे, कुणाच्या लॉगिनची कुकी असे, कधी खुद्द सर्व्हरची खासगी किल्लीही असे. हवं तितक्या वेळा मागा, दर वेळी ६४ केबीपर्यंत मिळे. आणि सर्व्हरच्या नोंदींत त्याचा मागमूसही राहत नसे.

दुरुस्तीचा गाभा एवढाच: एक, अधिक दोन, अधिक सांगितलेली लांबी, अधिक सोळा ही बेरीज आलेल्या निरोपापेक्षा मोठी असेल, तर उत्तर न देता निरोप टाकून द्या. शाळकरी मुलालाही पटावी अशी ही अट. ती नसलेला कोड ३१ डिसेंबर २०११ रोजी ओपनएसएसएलमध्ये दाखल झाला, प्रकल्पातल्या एका अनुभवी माणसाने तपासून मंजूर केला, मार्च २०१२मध्ये १.०.१ या आवृत्तीतून जगभर गेला, आणि पुढची दोन वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही. मग गूगलच्या नील मेहता यांना आणि कोडनॉमिकॉन या फिनलंडच्या कंपनीला तो स्वतंत्रपणे सापडला.

दोन वर्षं हजार डोळे होते कुठे? डोळे नव्हतेच. तेव्हा निम्म्याहून अधिक इंटरनेटचे गुप्त व्यवहार ज्या कोडवर चालत, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या होत्या सुमारे २ हजार डॉलरच्या, आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. ते फुकट वापरून अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्यांपैकी जवळजवळ कुणालाही हा कोड एकदा वाचून पाहावा असं वाटलं नाही. वाचण्याची मुभा सगळ्यांना होती, म्हणून वाचणं हे कुणाचंच काम नव्हतं. बोभाटा झाल्यावर त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने पुढाकार घेतला आणि गूगल, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, आयबीएम, फेसबुक अशा डझनभर कंपन्यांनी वर्षाला प्रत्येकी १ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. ओपनएसएसएलला पूर्णवेळ माणसं मिळाली.

मात्र या प्रकरणात ओपन सोर्सची एक मोठी ताकदही दिसली, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. दुरुस्ती जाहीर झाली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डेबियन, उबुंटू, रेड हॅट या लिनक्स पुरवणाऱ्यांनी आपापल्या वापरकर्त्यांसाठी पॅच तयार ठेवले. एका कंपनीच्या तारखेची वाट पाहावी लागली नाही. ज्यांना तेवढाही धीर नव्हता त्यांनी निरोप परत पाठवण्याची ती सुविधाच वगळून ओपनएसएसएल स्वतः नव्याने बांधून घेतलं.

आणि तरीही काम संपलं नव्हतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने पॅच उतरवला तरी जुना कोड चालू प्रोग्रामच्या मेमरीत तसाच बसलेला असे. त्या सगळ्या सेवा बंद करून पुन्हा सुरू कराव्या लागत. मग किल्ली चोरीला गेली असू शकते म्हणून नवी किल्ली, नवं प्रमाणपत्र, जुनं प्रमाणपत्र रद्द करणं, आणि वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगणं. कॅनडाच्या कर खात्याने आपलं संकेतस्थळ बंद ठेवलं, पण त्याआधीच सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेले होते. आणखी एक गोंधळ झाला तो आवृत्तीच्या आकड्यांचा. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती ‘१.०.१ जी’ म्हणून दिली. रेड हॅटने मात्र आपल्या ग्राहकांकडे चालू असलेल्या ‘१.०.१ ई’ या जुन्या आवृत्तीतच तेवढी दुरुस्ती टाकली, कारण पूर्ण नवी आवृत्ती दिली तर चालू यंत्रणा मोडण्याची भीती. ही पद्धत शहाणपणाची आहे आणि आजही सगळे तीच वापरतात. पण वरवर तपासणी करणाऱ्या साधनाला आकडा जुना दिसतो आणि ते धोक्याची घंटा वाजवतं. ऑडिटरने लाल शेरा मारलेला, आणि सिस्टीम अ‍ॅडमिन ‘अहो, पॅच लावलाय, आकडा तोच राहतो’ असं समजावतोय, हे दृश्य आपल्याकडच्या आयटी विभागांना चांगलंच परिचयाचं आहे.

आता कुलपातल्या बाजूकडे वळू. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३पासून पॅचसाठी महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून टाकला. त्याआधीचं वर्ष फार वाईट गेलं होतं. जानेवारी २००३मध्ये ‘स्लॅमर’ नावाच्या, एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणाऱ्या किड्याने काही मिनिटांत जगभरचे डेटाबेस सर्व्हर गाठले. त्याने वापरलेल्या त्रुटीचा पॅच सहा महिन्यांपूर्वीच दिलेला होता. पॅच केव्हाही, कसेही येत राहिले तर मोठ्या संस्थांना ते पेलत नाहीत, हा धडा त्यातून मिळाला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की पॅच निघतात. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा, तिकडच्या हिवाळ्यात, साडेअकरा झालेले असतात. म्हणजे आपल्याकडे मंगळवारचं काम खऱ्या अर्थाने बुधवारी सुरू होतं.

ठरलेली तारीख, एकच जबाबदार कंपनी, आपोआप उतरणारी अपडेट ही बंद सॉफ्टवेअरची जमेची बाजू आहे. घरच्या लॅपटॉपवर काहीही न करता दर महिन्याला दुरुस्त्या येतात, ही कामगिरी छोटी नाही. पण कोड कुलपात असल्यामुळे त्रुटीही कुलपात राहते, ही समजूत मात्र खोटी. पॅच हाती पडताच जाणकार माणसं जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते शोधतात. त्यासाठी खास साधनं आहेत. बदललेल्या जागेपाशीच भोक असतं. त्यामुळे पॅच निघाल्या क्षणापासून ज्याने तो लावला नाही त्याच्याविरुद्ध घड्याळ सुरू होतं, मग कोड उघडा असो की बंद.

२०१७मध्ये हे घड्याळ साऱ्या जगाने ऐकलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला, विंडोजमध्ये फाइलींच्या देवाणघेवाणीच्या यंत्रणेत एक त्रुटी सापडली होती. तिने ती मायक्रोसॉफ्टला न कळवता स्वतःचं हत्यार म्हणून वापरली. ते हत्यार चोरीला गेलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला पॅच दिला; १४ एप्रिलला चोरांनी हत्यार उघड्यावर टाकलं; १२ मे, शुक्रवारी, ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा सुटला. पॅच आणि हल्ला यांत जवळजवळ दोन महिने होते. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांत संगणक बंद पडले, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या, हजारो तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

त्या वेळी बहुतेकांनी खापर विंडोज एक्सपीवर फोडलं. पुढे तपासात दिसलं की बाधित झालेली बहुसंख्य यंत्रं विंडोज ७ची होती, म्हणजे ज्यांच्यासाठी पॅच फुकट आणि उपलब्ध होता अशी. तो लावला गेला नव्हता, इतकंच. एक्सपीची गोष्ट वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावी अशी आहे. मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही पॅच बनवला जात होता, पण खास करार करून पैसे मोजणाऱ्यांसाठीच. वॉनाक्रायचा कहर झाल्यावर मायक्रोसॉफ्टने तो सगळ्यांसाठी खुला केला. हा निर्णय चांगलाच होता. पण त्या शुक्रवारपर्यंत, असा करार नसलेल्या कुणालाही, इच्छा आणि अक्कल असली तरी, स्वतःच्या मशीनमधलं भोक बुजवता येत नव्हतं, कारण कोड त्याच्या हाती नव्हता.

आपल्याकडे याची झळ पोचली ती एटीएममधून. देशातली असंख्य एटीएम एक्सपीवर चालत. मुदत संपून चार वर्षं झाली तरी ती तशीच. शेवटी जून २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना वेळापत्रकच घालून दिलं: टप्प्याटप्प्याने बदल करत जून २०१९पर्यंत सगळी एटीएम चालू पाठबळ असलेल्या प्रणालीवर आणा. नियामकाला तारीख देऊन मागे लागावं लागलं, याचा अर्थ बँकांना धोका कळत नव्हता असा नाही. हजारो पेट्या, प्रत्येकीचं जुनं हार्डवेअर, आणि ज्या कंपनीने सॉफ्टवेअर लिहिलं तिच्याशिवाय एकही ओळ बदलण्याची सोय नाही, अशा कोंडीत त्या होत्या.

याच्या शेजारी लिनक्सच्या गाभ्याची ४.४ ही आवृत्ती ठेवून पाहा. ती जानेवारी २०१६मध्ये आली. मूळ विकासकांनी तिची देखभाल फेब्रुवारी २०२२मध्ये थांबवली. पण वीज केंद्रं, रेल्वे आणि कारखान्यांची यंत्रणा बनवणाऱ्या सीमेन्स, तोशिबा अशा कंपन्यांना ती आणखी हवी होती, कारण त्यांची यंत्रं वीस-वीस वर्षं चालतात. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली त्यांनी स्वतंत्र प्रकल्प चालवला आणि त्याच आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं २०२७पर्यंत सुरू ठेवायचं ठरवलं. त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही. खर्च मात्र त्यांनाच करावा लागतो आहे. मला ओपन सोर्सचं सगळ्यात मोठं बळ इथे दिसतं: मूळ माणसं निघून गेली तरी दुरुस्तीचा हक्क वापरणाऱ्याकडे राहतो. हार्टब्लीडने त्याची दुसरी बाजू दाखवली: हक्क सगळ्यांचा असला की जबाबदारी कुणाचीच राहत नाही. बंद सॉफ्टवेअरमध्ये हे उलटं असतं. करार आहे तोवर जबाबदारी एका कंपनीची, आणि करार संपला की हक्क कुणालाच नाही.

आता वाचकाच्या खिशातल्या यंत्राकडे येऊ, कारण तिथे या दोन्ही व्यवस्था एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की ‘उघडं की बंद’ हा प्रश्न अर्थहीन होतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ पाहा. तिथे एक तारीख असते. २०१५च्या उन्हाळ्यात ‘स्टेजफ्राइट’ नावाची त्रुटी उघड झाली, नुसत्या एमएमएसने फोन काबीज करता येईल अशी. त्यानंतर गूगलने दर महिन्याला पॅच जाहीर करायला सुरुवात केली. गूगल आपल्या भागीदारांना त्रुटींची माहिती किमान महिनाभर आधी देतं. पण पॅच गूगलकडून निघाला म्हणजे फोनवर आला असं नाही. आधी चिप बनवणाऱ्याने, म्हणजे क्वालकॉमने किंवा मीडियाटेकने, आपला भाग दुरुस्त करायचा. मग फोन कंपनीने आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी तो बसवायचा, तपासायचा, पाठवायचा. महागड्या मॉडेलला तो लवकर मिळतो, दहा हजारांच्या फोनला उशिरा, आणि दोन-तीन वर्षांनंतर बऱ्याचदा मिळतच नाही. अँड्रॉइडमधल्या लिनक्सच्या गाभ्याचा कोड उघडा असतो. परवान्यानुसार फोन कंपनीला तो द्यावाच लागतो. पण मोडेमचं फर्मवेअर बंद, कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरचे तुकडे बंद, बूटलोडरला कुलूप. ‘लिनेजओएस’सारख्या प्रकल्पातली हौशी माणसं सोडून दिलेल्या फोनांना वर्षानुवर्षं नवे पॅच देतात, आणि त्यांचं हे काम खरोखर मोलाचं आहे. पण चिपच्या फर्मवेअरमध्ये त्रुटी निघाली तर त्यांचे हात बांधलेले. आपली तारीख दीड वर्षापूर्वीची दिसत असेल, तर त्या फोनवर बँकेचं अ‍ॅप चालवताना हे ध्यानात ठेवायला हवं.

हीच गुंतागुंत डिसेंबर २०२१मध्ये मोठ्या प्रमाणावर दिसली. लॉगफोरजे हा जावामध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांत नोंदी ठेवण्याचा साधा कोड. अपाची फाउंडेशनमधले स्वयंसेवक तो सांभाळतात. अलिबाबाच्या एका संशोधकाने २४ नोव्हेंबरला त्यांना कळवलं की नोंदीत विशिष्ट मजकूर गेला तर हा कोड बाहेरून दुसरा प्रोग्राम आणून चालवतो. ‘माइनक्राफ्ट’ खेळाच्या गप्पांच्या खिडकीत एक ओळ टाइप केली तरी सर्व्हर हाती येत होता. स्वयंसेवकांनी आपली नोकरी सांभाळत रात्री-बेरात्री काम करून १० डिसेंबरच्या सुमारास दुरुस्ती दिली, ती अपुरी निघाली म्हणून पुढच्या अठरा-वीस दिवसांत आणखी तीन आवृत्त्या दिल्या. पण हा कोड बसला होता हजारो बंद उत्पादनांच्या पोटात. दुरुस्ती उघड्यावर पडलेली, आणि ज्याने महागडं बंद सॉफ्टवेअर विकत घेतलं त्याला ती स्वतः लावायची सोय नाही. विक्रेत्याचा पॅच येईपर्यंत थांबणं आलं. कित्येक विक्रेत्यांना तर आपल्या उत्पादनात हा कोड आहे की नाही हेच शोधावं लागलं. आजचं बहुतेक ‘बंद’ सॉफ्टवेअर असंच उघड्या तुकड्यांनी भरलेलं असतं. लॉगफोरजेच्या जुन्या प्रती दहा वर्षं किंवा त्याहून अधिक काळ कुठे ना कुठे सापडत राहतील, असं अमेरिकी सरकारच्या चौकशी मंडळाने २०२२मध्ये म्हटलं आहे.

उघड्या कोडची एक खरी अडचणही सांगायला हवी. तिथे पॅच गुपचूप लिहिणं अवघड. प्रोसेसरमधल्या ‘मेल्टडाउन’ त्रुटीवर इंटेल, गूगल आणि बाकीच्यांनी ९ जानेवारी २०१८पर्यंत मौन पाळायचं ठरवलं होतं. पण लिनक्सच्या गाभ्यात एक मोठा, कामाचा वेग कमी करणारा बदल आदल्या महिन्यांत घाईघाईने घेतला जात होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता. एरवी वेग कमी करणारा बदल लिनक्सवाले सहजासहजी स्वीकारत नाहीत. जाणकारांना संशय आला, तर्क सुरू झाले, आणि ३ जानेवारीलाच सगळं उघड करावं लागलं. सहा दिवसांचा फरक छोटा वाटेल, पण ज्यांचे पॅच अजून तयार नव्हते त्यांच्यासाठी ते सहा दिवस मोलाचे होते.

पॅच तयार असूनही न लावण्याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतं, भीती असते. पॅच लावला आणि कामच बंद पडलं तर? जुलै २०२४मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. ज्याने असा दिवस पाहिला तो अ‍ॅडमिन पुढचा पॅच आठवडाभर थांबवणार, हे मला समजू शकतं. पण थांबण्याचा हिशेबही तितकाच कठोर आहे. एक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर ‘स्ट्रट्स’ हा ओपन सोर्स कोड होता. त्याचा पॅच ७ मार्च २०१७ला आला. मेच्या मध्यापासून चोर आत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची माहिती गेली. कोड उघडा होता, दुरुस्ती फुकट होती, आणि दोन महिने होते.

शिवाय पॅच लावूनही भागत नाही असे प्रसंग येतात. वॉनाक्रायनंतर महिन्या-दीड महिन्याने, २७ जून २०१७ला, ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा किडा युक्रेनमधून पसरला. तिथे हिशेबाचं एक सॉफ्टवेअर जवळपास सगळे व्यवसाय वापरत. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटचाच ताबा घेतला होता. एकदा आत शिरला की तो एखादं पॅच न लावलेलं यंत्र गाठी, त्याच्या मेमरीतून पासवर्ड उचली आणि त्यांच्या आधारे पॅच लावलेल्या यंत्रांतही घुसे. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात कोलमडली. तिने नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा दिला. न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाकडचं कंटेनर टर्मिनल त्याच दिवशी ठप्प झालं आणि संगणकावरचं काम हाताने करण्याची धडपड सुरू झाली. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आणि उरणजवळ अडकलेले कंटेनर, एवढी लांब साखळी.

म्हणजे ज्या वाटेने दुरुस्ती येते त्याच वाटेने विषही येऊ शकतं. सोलरविंड्स या कंपनीच्या बंद सॉफ्टवेअरमधून मार्च २०२०पासून सहीशिक्क्यासह विषारी अपडेट गेली. सुमारे १८ हजार ग्राहकांनी ती उतरवली. आणि कळलं डिसेंबरमध्ये, तेही हल्ला झालेल्या एका कंपनीने खोदून काढलं म्हणून. ओपन सोर्समध्ये याचा जोडीदार म्हणजे २०२४चं एक्सझेड प्रकरण. फाइली दाबून लहान करणारं हे साधन फिनलंडमधले लासे कोलिन एकटेच, फावल्या वेळात सांभाळत होते. मनावर ताण होता, आणि त्यांनी तसं लिहिलंही होतं. ‘जिआ तान’ नावाने कुणीतरी २०२१पासून मदत करू लागलं. दुसरी काही अनोळखी नावं ‘काम फार हळू चाललंय, कारभार दुसऱ्याकडे द्या’ असा तगादा लावत राहिली. हळूहळू अधिकार जिआ तानकडे आले. फेब्रुवारी २०२४मध्ये ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसला. तो चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत दडवला होता, आणि तो उघडणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हती, फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होती.

मार्चअखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या विकासकाला दुसरंच काही तपासताना दिसलं की सर्व्हरवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्यांनी तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. मागोवा घेत ते चोरदरवाजापर्यंत गेले आणि २९ मार्चला त्यांनी सगळं जाहीर केलं, तेव्हा ही आवृत्ती डेबियन आणि फेडोराच्या फक्त चाचणी शाखांपर्यंत पोचली होती. हे निव्वळ नशीब, असं पुष्कळांनी म्हटलं, आणि त्यात तथ्य आहे. पण फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टचे कर्मचारी, एक्सझेड दुसऱ्याच कुणाचं. तरी त्यांना ते उघडून, उसवून पाहता आलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये त्या अर्ध्या सेकंदाचा शेवट तक्रार निवारण केंद्रातल्या एका तिकिटाने झाला असता. आणि कोलिन यांच्याबद्दल मला राग येत नाही. ज्यांच्या सर्व्हरवर त्यांचं साधन चालत होतं त्यांच्यापैकी कुणी त्यांचा भार हलका करायला गेलं असतं, तर जिआ तानला जागाच मिळाली नसती.

हक्क एकीकडे आणि जबाबदारी दुसरीकडे, ही जी दरी पडली आहे ती कायद्याने बुजवण्याचा पहिला मोठा प्रयत्न युरोपीय संघाने केला आहे. त्यांचा सायबर सुरक्षेचा नवा कायदा १० डिसेंबर २०२४ला अमलात आला. त्याची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७पासून लागू होतील. युरोपात विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला आणि सॉफ्टवेअर असलेल्या उपकरणांना सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षेचे पॅच द्यावे लागतील. त्रुटीचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जातो आहे असं कळलं, तर ११ सप्टेंबर २०२६पासून चोवीस तासांत पहिली सूचना द्यावी लागेल. उत्पादनात कोणकोणते तुकडे वापरले त्यांची यादी ठेवावी लागेल. अशा यादीसाठी आपल्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनेही २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, पण त्या सूचना आहेत, कायदा नाही. पुण्यात किंवा नाशकात बसून युरोपला यंत्रं विकणाऱ्यालाही युरोपचे हे नियम पाळावे लागणार आहेत.

फावल्या वेळात कोड लिहून फुकट देणाऱ्या माणसावर हा कायदा ओझं टाकत नाही. तो कोड आपल्या मालात घालून विकणाऱ्यावर टाकतो. आणि त्यात एक कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. उत्पादकाला आपण वापरलेल्या तुकड्यात त्रुटी सापडली, तर ती त्या तुकड्याची देखभाल करणाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे, आणि उत्पादकाने तिच्यावर दुरुस्ती लिहिली असेल तर तिचा कोडही त्याला द्यायचा आहे.